बँकॉक आणि हनोई : विमानतळाच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत

आई आणि मी मिळून नऊ दिवसांत बँकॉक आणि हनोई ही दोन शहरे पाहून आलो. तेथील मंदिरे, तळी आणि बाजार यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून मी येथे केवळ विमानतळावरून हॉटेलपर्यंतच्या प्रवासाविषयी लिहिणार आहे. बँकॉकला तो नीट पार पडला. हनोईला मात्र आमचे चार लाख ऐंशी हजार डोंग (व्हिएतनामचे चलन) गेले, आणि ते कसे गेले हे पुढे जाणाऱ्यांना आधीच ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते.

बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर आम्ही पहाटे उतरलो. हा विमानतळ २००६ साली सुरू झाला. त्याचे नाव आपल्याला घरचे वाटले, तरी थाई उच्चार ‘सुवन्नाफूम’ असा आहे आणि परतीच्या वेळी टॅक्सीचालकाला तसाच सांगावा लागतो. सामान घेऊन बाहेर पडल्यावर जे दालन लागते ते दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि मीटरच्या सार्वजनिक टॅक्सी पहिल्या मजल्यावर मिळतात. हा एका मजल्याचा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण रात्रभराच्या प्रवासाने थकलेल्या माणसाला गाठायला दलाल उभे असतात ते याच दालनात. आमच्याजवळ पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ आले. त्यांच्या गळ्यात ओळखपत्रासारखे काहीतरी होते आणि हातात प्लॅस्टिकचे आवरण घातलेले दरपत्रक होते. त्यावर आमच्या भागासमोर १,२०० बाट (थायलंडचे चलन) छापलेले होते. “अगं, छापील दर आहे, म्हणजे खराच असेल ना?” असे आईने विचारले. तिचा प्रश्न अगदी स्वाभाविक होता, कारण छापलेल्या आकड्यावर आपला सहज विश्वास बसतो. पण दरपत्रक कोणीही छापून घेऊ शकतो. खरी टॅक्सी प्रवाशाला शोधत दालनात येत नाही, ती रांगेत उभी असते आणि प्रवाशाला तिच्यापर्यंत जावे लागते. याच मजल्यावर लिमोझिनच्या अधिकृत खिडक्याही आहेत. त्यांत फसवणूक नसते, परंतु त्यांचे दर मीटरच्या कितीतरी पट असतात, आणि पुष्कळ प्रवासी त्यांनाच साधी टॅक्सी समजून पैसे भरतात.

खाली उतरल्यावर यंत्रांची एक ओळ दिसते. पडद्यावर टॅक्सीचा प्रकार निवडला की चिठ्ठी बाहेर येते आणि तिच्यावर मार्गिकेचा क्रमांक असतो. त्या मार्गिकेत उभी असलेली गाडी आपली. ही चिठ्ठी चालकाच्या हाती देऊन टाकू नये. तिच्यावर गाडीची आणि चालकाची नोंद असते, आणि तक्रार करायची वेळ आली तर आपल्याजवळ तेवढाच पुरावा उरतो. मी ती मिळताच तिचा फोटो काढला आणि मूळ चिठ्ठी आईच्या पर्समध्ये ठेवली.

आमचा चालक प्रौढ वयाचा, शांत माणूस होता. त्याने सामान डिकीत ठेवले, गाडी सुरू केली आणि मीटर न टाकताच “फाइव्ह हंड्रेड, टोल इन्क्लूडेड” असे सांगितले. मी मीटरकडे बोट दाखवून एवढेच म्हटले, “मीटर, प्लीज.” त्याने एकदा मागे वळून पाहिले आणि मीटर टाकला. लाल आकड्यांत ३५ उमटले. मीटर तेथे ३५ बाटपासून सुरू होतो, त्यामुळे याहून मोठा आकडा दिसला तर आधीच्या फेरीचा मीटर चालू आहे का हे विचारावे. (मोठ्या गाडीचा मीटर ४० पासून सुरू होतो.) थोड्या वेळाने चालकाने “थांग दुआन?” असे विचारले. याचा अर्थ उड्डाणमार्गाने, म्हणजे टोलच्या रस्त्याने जायचे का, असा आहे. हो म्हटले तर टोल आपण द्यायचा असतो आणि तो नाक्यावरच रोख द्यावा लागतो. आम्हाला दोन नाक्यांवर मिळून ७५ बाट लागले. हॉटेलशी पोहोचलो तेव्हा मीटरवर २६३ बाट झाले होते. त्यात विमानतळाचा अधिभार ५० बाट आणि टोल मिळवून एकूण ३८८ बाट खर्च झाला.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगाविशी वाटते. हा ५० बाटचा अधिभार नियमानेच आहे, तो मीटरच्या आकड्यात दिसत नाही आणि शेवटी वेगळा मागितला जातो. पुष्कळ प्रवासी त्यावरून चालकाशी भांडतात, आणि ते चूक आहे. विमानतळावरच्या चालकाला एका फेरीसाठी तासन्‌तास रांगेत थांबावे लागते, आणि २०२३ च्या आरंभी दर वाढले त्याआधी कित्येक वर्षे मीटर होता तेथेच होता. ठरावीक रक्कम मागण्यामागे ही अडचण असते हे मला समजते. तरीही मीटर हाच नियम आहे आणि तो मागण्यात उद्धटपणा नाही. आवाज न चढवता, हसून, पण गाडी विमानतळाच्या आवारात असतानाच तो मागावा. चालकाने नकार दिला तर उतरून पुन्हा चिठ्ठी घ्यावी. आपण मोकळेपणाने उतरू शकतो ती जागा तीच असते. उड्डाणमार्गावर गेल्यानंतर वाद घालून उपयोग होत नाही. टॅक्सीविषयीच्या तक्रारीसाठी तेथे १५८४ हा क्रमांक आहे आणि पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे. आम्हाला त्यांची गरज पडली नाही, तरी दोन्ही फोनमध्ये साठवून ठेवले होते.

सामान कमी असेल आणि पायऱ्यांचा त्रास नसेल, तर टॅक्सीचा विचारच करू नये असे मी म्हणेन. विमानतळाच्या तळघरातून रेल्वे सुटते, ती अर्ध्या तासाच्या आत फाया थाई स्थानकावर पोहोचते आणि शेवटपर्यंतचे भाडे ४५ बाट आहे. मक्कासान येथे उतरून भुयारी मेट्रो आणि फाया थाईला उन्नत रेल्वे पकडता येते. पहाटे साडेपाचपासून साधारण मध्यरात्रीपर्यंत गाड्या चालू असतात. टॅक्सी घ्यायची असली तरीही तळघरापर्यंत एक फेरी मारावी, कारण रेल्वेच्या दारापाशी चलन बदलून देणाऱ्या ज्या खिडक्या आहेत त्यांचा भाव वरच्या दालनातील खिडक्यांपेक्षा बराच चांगला मिळतो. तेथे शंभर आणि वीस बाटच्या नोटा आग्रहाने मागून घ्याव्यात. एक हजाराची नोट पुढे केली की “नो चेंज” हे उत्तर ठरलेले आहे.

आता हनोईकडे वळते. नोई बाई विमानतळ शहरापासून साधारण तीस किलोमीटरवर आहे. २०१५ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांची इमारत वेगळी झाली आणि त्याच सुमारास तांबड्या नदीवरील न्हात तान पूलही खुला झाला, त्यामुळे आता रात्री रस्ता मोकळा असला की पाऊण तासाच्या आत जुन्या शहरात पोहोचता येते. टॅक्सीचे भाडे साधारण अडीच ते साडेतीन लाख डोंग होते. हे आकडे प्रथम ऐकताना दडपण येते, आणि लुबाडणाऱ्याला हेच दडपण उपयोगी पडते. टॅक्सीतील मीटर पुष्कळदा शेवटची तीन शून्ये दाखवत नाही, त्यामुळे पडद्यावरील ३२०.० याचा अर्थ तीन लाख वीस हजार असा घ्यायचा. दशांशचिन्ह कोठे आहे हे ज्याने नीट पाहिले नाही, त्याच्याकडून दहापट रक्कम मागण्याचे प्रकार तेथे घडलेले आहेत.

आम्ही रात्री अकराच्या सुमारास उतरलो. अ‍ॅपवरून गाडी बोलवायची असे ठरवून गेलो होतो, परंतु फोनमध्ये तेथील सिमकार्ड चालू होईना. विमानतळाचे मोफत वायफाय आहे हे लक्षात घेऊन पाच मिनिटे शांतपणे बसले असते तर पुढचे सारे टळले असते. पण आई दमली होती, बाहेर पाऊस पडत होता, आणि तेवढ्यात हातात फोन घेतलेला एक तरुण “बुकिंग? बुकिंग?” म्हणत जवळ आला. त्याच्या फोनवर अ‍ॅपचा नकाशा उघडलेला दिसत होता, म्हणून मी तो त्याच अ‍ॅपचा चालक समजले. आता कळते की माझे स्वतःचे बुकिंग नसताना कोणाच्याही फोनवरील नकाशाला काहीच अर्थ नव्हता. त्याने आम्हाला एका टॅक्सीपर्यंत नेले आणि तो निघून गेला.

गाडीत मीटर होता, तो चालूही होता, आणि रस्ताही सरळ होता. त्यामुळे मी पूर्ण निर्धास्त झाले. हॉटेलच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली तेव्हा मीटरवर ३२०.० होते. मी पाच लाखांची नोट पुढे केली आणि एक लाख ऐंशी हजार परत येण्याची वाट पाहू लागले. गाडीतला दिवा बंद होता. चालकाने नोट घेतली, हात मांडीजवळ नेला, क्षणभराने वीस हजारांची नोट वर धरली आणि मान हलवत तीन लाख आणखी मागितले. व्हिएतनाममध्ये वीस हजार आणि पाच लाख या दोन्ही नोटा निळ्या आहेत, दोन्ही प्लॅस्टिकच्या आहेत आणि दोन्हींवर हो ची मिन्ह यांचाच चेहरा आहे. माझी खात्री डळमळली. आपलीच अंधारात चूक झाली असेल असे मला वाटले आणि मी त्याला आणखी तीन लाख देऊन टाकले. आई मागून म्हणत होती, “अगं, तू मोठीच नोट दिलीस, मी पाहिलंय.” मी तिचे ऐकले नाही, याचे मला पैशांपेक्षा अधिक वाईट वाटते. खोलीत जाऊन नोटा मोजल्या तेव्हा ती बरोबर होती.

हॉटेलच्या स्वागतकक्षातील मुलीने ही युक्ती जुनीच आहे असे सांगितले आणि दोन्ही नोटा शेजारी ठेवून दाखवल्या. वीस हजारांच्या नोटेमागे होई आनचा छप्पर असलेला जपानी पूल आहे आणि पाच लाखांच्या नोटेमागे हो ची मिन्ह यांचे खेड्यातले घर आहे. गाडीचा क्रमांक मी टिपला नव्हता, त्यामुळे तक्रारीला काहीच आधार उरला नाही. पुढील सर्व दिवस आम्ही पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवल्या, भाडे देण्यापूर्वी गाडीतला दिवा लावायला सांगितला आणि प्रत्येक नोट देताना तिची रक्कम मोठ्याने उच्चारून चालकाच्या डोळ्यांसमोर धरली. एवढे केल्यावर पुन्हा तसा प्रसंग आला नाही. सर्वांत चांगले म्हणजे जवळ लहान नोटा ठेवून नेमकी रक्कम द्यावी. मोठी नोट हाती दिलीच नाही, तर नोट बदलण्याचा हा प्रकार करता येत नाही.

त्याच मुलीने आणखी एक प्रकार सांगितला, आणि आमच्या मजल्यावरील एका जोडप्याने तो स्वतः अनुभवला होता. वाटेत चालक “तुमचे हॉटेल बंद आहे” किंवा “त्यांनी दुसरी इमारत घेतली आहे” असे सांगतो, कोणाला तरी फोन लावून देतो आणि जवळजवळ त्याच नावाच्या दुसऱ्या हॉटेलशी नेऊन सोडतो. जुन्या शहरात एकसारख्या नावांची हॉटेले खरोखरच आहेत. म्हणून नावापेक्षा पत्ता महत्त्वाचा. घरक्रमांक आणि रस्त्याचे नाव व्हिएतनामी लिपीत फोनवर तयार ठेवावे, हॉटेलचा दूरध्वनी क्रमांक आपल्या आरक्षणाच्या कागदावरून आपणच लावावा, आणि पाटीवरचा क्रमांक जुळल्याखेरीज डिकी उघडू देऊ नये.

ग्रॅबसारखे अ‍ॅप वापरणे हा हनोईतील सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण भाडे आधी दिसते आणि गाडीचा क्रमांक जुळवता येतो. तेथील भाड्याच्या गाड्यांना २०२० पासून पिवळी नंबरप्लेट आहे, त्यामुळे पांढऱ्या पाटीची खासगी गाडी समोर आली तर बसू नये. मात्र अ‍ॅपवरचा चालकही कधी फोन करून “बुकिंग रद्द करा, रोख द्या” असे सुचवतो. तसे केल्यास त्या फेरीची कोठेही नोंद राहत नाही, म्हणून रद्द करायचे असेल तर त्यालाच करू द्यावे आणि दुसरी गाडी बोलवावी. दिवसा उतरणाऱ्यांसाठी ८६ क्रमांकाची नारिंगी बस आहे. ती ४५,००० डोंगात जुन्या शहराच्या कडेने मुख्य रेल्वे स्थानकापर्यंत जाते, आणि सामान ठेवायला तिच्यात जागाही आहे.

परतीच्या दिवशी आम्ही हॉटेलकडूनच गाडी ठरवली. रक्कम, वेळ आणि विमानतळाची कोणती इमारत हे तिन्ही त्या मुलीने कागदावर लिहून दिले. चालक ठरल्यापेक्षा दहा मिनिटे आधी येऊन गल्लीच्या तोंडाशी उभा होता. विमानतळावर उतरल्यावर आईनेच पर्समधून नोटा काढल्या, एकेक मोजून त्याच्या हातावर ठेवल्या आणि शेवटच्या नोटेनंतर त्याने मान हलवेपर्यंत ती जागची हलली नाही.