उलट्या बाजूनं

भाचीनं तिकिटं काढली होती म्हणून गेलो. कविता आणि सिनेमा एकत्र असतं म्हणे, विषय लहानपणीची स्वप्नं. शनिवारी दुपारी चार वाजता, फोर्टातल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. शनिवारी दुपारी चार ही माझी पडायची वेळ. "मामा, तिथं घोरलास तर मी ओळख दाखवणार नाही," हे तिनं चर्चगेटलाच सांगून ठेवलं.

काळा घोड्यावरून जाताना मी तिला जुनं वॉटसन हॉटेल दाखवलं. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची चित्रं मुंबईत पहिल्यांदा इथंच हलली, तिकीट एक रुपया. ती म्हणाली, "आपलं पाचशे आहे, पाय उचल."

आत पन्नासेक खुर्च्या, समोर पांढरा पडदा, बाजूला माइकपाशी एक मुलगी आणि मागं खडखडणारा प्रोजेक्टर. चोरबाजारात मिळालेली, कुणाकुणाच्या घरची सुपर एटची रिळं. एक रीळ पन्नास फुटांचं, तीन मिनिटं वीस सेकंदांत संपतं, आणि तेवढ्यातच कविता बसवायची ही तिची स्वतःवरच घातलेली अट. पडद्यावर कुणाचा तरी वाढदिवस, कुणीतरी जुहूच्या वाळूत पळतंय, आणि इकडे ती सांगतेय की तिला उडायचं होतं, समुद्राखाली शाळा काढायची होती. बरं वाचत होती. एकदा रीळ आधी संपलं आणि कवितेच्या चार ओळी उरल्या. त्या तिनं नुसत्या पांढऱ्या उजेडात उभं राहून वाचल्या. मला त्याच आवडल्या.

पण स्वप्न या शब्दावरून माझं हल्ली जरा वाकडंच आहे. जो तो स्वप्न बघतो. बघून झालं की त्याचा पाठलाग करतो. आमच्या वेळी स्वप्न पडायचं, पाऊस पडतो तसं, दात पडतो तसं. त्यात आपल्याला कुणी विचारत नसे. आणि पडलेलं खासगी ठेवायची सोय नव्हती. लालबागच्या चाळीत एका खोलीत आम्ही नऊ जण, शिवाय गॅलरीत ओळीनं पथाऱ्या. माझा चुलतभाऊ एका रात्री झोपेत "सुटला, सुटला!" असं ओरडला, तर तीन बिऱ्हाडं उठून बसली. काय सुटलं ते त्याला सकाळी सांगता येईना. पुढं त्याच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मागून कुणीतरी "सुटला!" म्हणालंच.

तर पडदा. गणपतीत आमच्या गल्लीत सिनेमा असायचा. दोन चाळींच्या मधे, रस्त्यावर आडवी चादर बांधायची, भाड्यानं सोळा मिलीमीटरचं मशीन आणायचं. मशीन मंडपाच्या बाजूला, म्हणजे पलीकडच्या चाळीची चंगळ. आमची चाळ चादरीच्या मागच्या अंगाला. आम्हाला सगळं दिसे, फक्त उलटं. नावं उलटी, ती वाचायची आम्ही शर्यत लावायचो. हिरो डावखुरा. व्हिलनसुद्धा डावखुरा, त्यामुळे मारामारीत कुणाला गैरफायदा नाही.

आजी कोकणातून गणपतीला उलटी मुंबईला यायची, तिचं सगळंच उलटं. ती गॅलरीत पाट टाकून बसे. हिरो जेवायला बसला की म्हणे, "डाव्या हातान जेवता मेलो!" आम्ही किती समजावलं की आजी, आपण मागून बघतोय. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या घासाला पुन्हा "मेलो!" एका सिनेमात लग्न लागलं. होमाभोवती नवरानवरी फिरू लागली, अर्थात उलट्या प्रदक्षिणा. आजीनं डोक्याला हात लावला. "ह्या लगीन काय टिकाचा नाय." तिसऱ्या रिळात नवरा बायकोला टाकून शहरात पळाला. त्या रात्रीपासून आजीला सिनेमातलं कळतं, हे चाळीनं मान्य केलं.

तोच सिनेमा पुढं एका रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर लागला. मला बघवेना. दार भलत्याच बाजूला, तुळस भलत्याच बाजूला, नायिकेचा पदर भलत्याच खांद्यावर. आजही मला स्वप्नात दुकानांच्या पाट्या उलट्या दिसतात. वाचता येत नाहीत, पण घाई असते.

फोर्टातल्या त्या पडद्यावर मधेच एक माणूस आला. आरामखुर्चीत दुपारचा झोपलेला, तोंडावर वर्तमानपत्र. कुणाचे तरी वडील असणार. कॅमेरा हातात असलेलं पोर बहुधा हसत होतं, चित्र हलत होतं. कविता कशाबद्दल होती ते मला आठवत नाही.

बाबा गिरणीत साचा खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. तिसऱ्या पाळीचे आठवडे असले की ते दिवसा झोपायचे. आई जुनी साडी आडवी बांधून खोलीचा एक कोपरा अंधारा करायची, आणि आम्ही अलीकडे आवाज न करता पत्ते खेळायचो. साडीला दोन भोकं होती. त्यातून मी बघायचो. झोपेत त्यांचे हात चालायचे. चिमटीत काहीतरी धरायचं, ओढायचं, गाठ मारायची, सोडायचं. तुटलेला धागा सांधत असत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि बाबा सगळ्यांसारखे रात्री झोपायला लागले. साडी आईनं सोडून धुऊन ठेवली. हात चालायचे थांबले नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर त्या मुलीनं विचारलं, कुणाला काही बोलायचंय का. एका बाईंनी कवितेतल्या अवकाशाबद्दल बरंच सांगितलं. एकानं प्रोजेक्टर केवढ्याला मिळाला ते विचारलं. माझा हात कधी वर गेला मला कळलं नाही. माइक आला तेव्हा मी विचारलं, "पडद्याच्या मागं बसून बघता येतं का?"

लोक हसले. ती नाही हसली. तिनं मागं वळून पडद्याकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाली, "मागं भिंत आहे, काका."

चर्चगेट येईपर्यंत भाची माझ्या दहा पावलं पुढं चालत होती.