तुम्ही विचारलंत म्हणून: त्या सहीबद्दल

प्रश्न दोन बाजूंनी येतो. आमच्या चर्चच्या मंडळीतली तरुण मुलं विचारतात, "अंकल, समोर आलेला मोह आहे हे ओळखायचं कसं?" नातेवाईक तेच थेट विचारतात, "एका सहीपायी आईचा पाय का घालवलास?" आजवर मुलांना मी वचनं सांगितली आणि नातेवाइकांना टाळलं. उत्तर दोघांनाही एकच आहे.

मी तेव्हा उपयंत्री, म्हणजे सरकारी कनिष्ठ अभियंता होतो. इंदूरजवळ सांवेरकडच्या एका गावात सिमेंटचा रस्ता झाला होता. जाडी २० सेंटीमीटर हवी. कडेला जिथे जिथे खणून पाहिलं तिथे १४-१५ भरत होती. माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पातळ रस्ता टिकत नाही, हे ठेकेदारालाही ठाऊक होतं. त्याला एम.बी.त, म्हणजे ज्या मोजमाप पुस्तकावरून बिल निघतं त्यात, २० लिहून हवे होते.

याला मी मोह म्हणतच नाही. पाकिटं पुढे येत, मी नको म्हणत असे. त्यात माझं काही मोठेपण नव्हतं, कारण मला ती नकोच होती. जे नको आहे ते नाकारायला विश्वास लागत नाही.

मग आई इंदूरला राजेंद्रनगरच्या घरी न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, या वयात ऑपरेशनला उशीर चालत नाही. खर्च माझ्या आवाक्याबाहेरचा होता. संध्याकाळी पाळकसाहेब आणि प्रार्थनागटातली मंडळी आली, आईच्या खाटेभोवती उभं राहून सगळ्यांनी मागितलं: प्रभू, मार्ग उघड.

दुसऱ्या दिवशी ठेकेदार इस्पितळात आला. पाकीट नाही, कामाचा विषय नाही. आईच्या पायाशी वाकला, तिला माताजी म्हणाला. बाहेर येऊन माझा हात धरून म्हणाला, "माताजी का ऑपरेशन मेरी ज़िम्मेदारी, भाईसाहब. आप बस उनके पास बैठिए." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं होतं असं मला आजही वाटत नाही. ताई तिथेच रडायला लागली. प्रार्थनागटातले एक वडीलधारे गृहस्थ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काल मागितलं, आज मिळालं."

हे वाक्य मला अजून सोडत नाही. मुलांनो, तुम्ही ओळखायचं कसं विचारता. मला तर ते प्रार्थनेचं उत्तर म्हणूनच भेटलं, माझ्यावर प्रेम करणाऱ्या माणसांच्या तोंडून. सैतान येशूला मोह घालतो तो बायबलमधला मत्तयाचा चौथा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण त्या रात्री इस्पितळाच्या बाकावर तो वेगळा वाचला. सैतान म्हणतो, धोंड्यांच्या भाकरी कर. चाळीस दिवसांच्या उपासानंतर भाकरी खाण्यात वाईट काय आहे? पुढे ह्याच येशूने पाच भाकरी आणि दोन मासे घेऊन पाच हजारांना जेवू घातलं. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक म्हणताना तर सैतान स्तोत्र ९१ म्हणून दाखवतो, म्हणजे वचनही त्याच्याच तोंडी. वाईट दिसणारं असं त्या प्रसंगात जवळजवळ काही नाही. आणि लूक सांगतो की सैतान गेला तो पुन्हा संधी मिळेपर्यंतच.

त्या रात्री मी घरी आलो, एम.बी. उघडली आणि शाईने १४ लिहून सही केली. एम.बी.त खोडरबर चालत नाही; आकडा बदलायचा तर काट मारून तिथे सही करावी लागते, आणि ती काट कायम दिसते. मला माझ्या परतीची वाट बंद करायची होती. धन्याची, पोटीफराची, बायको मोहात पाडू लागली तेव्हा योसेफ तिच्याशी वाद घालत बसला नाही, अंगावरचं वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. सकाळपर्यंत विचार करू असं म्हटलं असतं तर मी २० लिहिले असते, याची मला खात्री आहे.

सकाळी ठेकेदाराला आकडा सांगितला. बिल कापलं जाणार हे त्याला कळलं. तो ओरडला नाही, नमस्कार करून गेला आणि पुन्हा इस्पितळात आला नाही.

आईच्या पाटल्या विकल्या, पतपेढीतून कर्ज काढलं. ऑपरेशन झालं, पण फार उशिरा. तो पाय आखूड राहिला आणि ती शेवटपर्यंत वॉकर धरून चालली. हे मी लपवत नाही. मला ते रोज दिसत होतं.

त्यानंतर काही वर्षं मी साक्ष देत असे: देवाने मला विजय दिला. अशी साक्ष देणारा तेव्हाचा मी मला आता आवडत नाही. शिखरावर उभं राहून सगळ्यांनी आपल्याकडे बघावं, हाही मोह त्याच अध्यायात आहे आणि तो मला ओळखू आला नाही. शिवाय त्या सहीत देवाचं भय किती आणि लोकायुक्ताच्या छाप्याचं किती, हे मला वेगळं करता येत नाही. तेव्हाचा मी म्हणेल, हेतू कसाही असो, रस्ता खरा मोजला गेला. बरोबर आहे. पण पाय आईचा होता. ती एकदाच म्हणाली, "केलंस ते ठीकच केलंस. पण आधी मला सांगायचं होतंस." मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आजही नाही. मी तिला विचारलं नाही, कारण ती काय म्हणेल याची मला भीती होती. ती 'घे' म्हणाली असती तर? आणि 'नको' म्हणाली असती, तर तो नकार तिचा असता.

ताईशी हा वाद अजून चालू आहे. ती म्हणते, दुष्काळात करिथ ओढ्यापाशी एलिया संदेष्ट्याला कावळ्यांनी भाकरी आणून दिली. कावळा तर नियमशास्त्रात अशुद्ध, तरी एलियाने ती खाल्ली. मग देवाने ठेकेदाराच्या हातून का देऊ नये? मी म्हणतो, कावळ्यांनी एलियाकडे सही मागितली नव्हती. ती म्हणते, "ठेकेदारानेही मागितली नव्हती. तू त्याला वेळच दिला नाहीस."

हे खरं आहे. त्याने मागितली नव्हती.