इथोमीचा डोंगर आणि प्राचीन मेसिनी

ग्रीसमध्ये कालामाताहून गाडी काढणार असाल तर मॅपवर नुसतं 'मेसिनी' टाकू नका. ते विमानतळाजवळचं आजचं गाव. प्राचीन मेसिनीचे अवशेष पाहायला आपल्याला जायचंय माव्रोमाती गावाला, साधारण 30 किलोमीटरवर, इथोमी डोंगराच्या कुशीत.  

बहुतेक लोक खालचं स्टेडियम पाहून परततात. स्टेडियम देखणं आहेच, पण माझ्या मते या जागेचा जीव डोंगरात आहे. स्पार्टाने मेसिनियाच्या, म्हणजे या भागातल्या लोकांना पिढ्यानपिढ्या गुलामीत राबवलं. इ.स.पू. 464 च्या भूकंपानंतर त्यांनी बंड केलं आणि याच डोंगरावर ते वर्षानुवर्षं लढत राहिले. पुढे स्पार्टाला हरवून थीब्ज या ग्रीक शहराचा सेनापती एपामिनोंडास याने इ.स.पू. 369 मध्ये पायथ्याशी त्यांचं शहर वसवलं.

त्या शहराची तटबंदी सुमारे नऊ किलोमीटरची. गड-किल्ले हिंडणाऱ्यांनी अर्केडियन दरवाजा चुकवू नये. आत गोल चौक, त्यात घडीव चिरे चुन्याशिवाय असे बसवलेत की सांध्यात नख शिरत नाही. बाजूला एक अजस्र शिळा तिरकी कललेली आहे. आजचा डांबरी रस्ता याच दरवाजातून जातो, त्यामुळे फोटोच्या नादात मध्येच उभे राहू नका.

चढाई लॅकोनियन दरवाजाच्या बाजूने, सकाळी लवकर. माथा सुमारे 800 मीटर उंच. वाटेत सावली जेमतेम आणि झुडपं काटेरी, तेव्हा फुल पँट आणि चांगले बूट हवेतच. पाणी गावातूनच न्या. माव्रोमातीच्या चौकात क्लेप्सिड्रा झरा आहे. याच झऱ्याचं पाणी रोज वर झ्यूस या देवाच्या स्थानी नेत, असं प्राचीन ग्रीक प्रवासी-लेखक पॉसेनियसने लिहून ठेवलंय. आता माथ्यावर जुना, ओस पडलेला मठ आहे. तिथून पूर्वेला टायगेटस रांग दिसते. तिच्यापलीकडेच स्पार्टा!

खालचे अवशेष उतारावर पसरलेत. जाताना मजा वाटते, परत वर चढताना मात्र ऊन भाजून काढतं. टोपी विसरू नका. म्युझियम छोटंसं आहे, अर्ध्या तासात होतं. गाडी नसेल तर कालामाताहून बस मोजक्याच आहेत. परतीची वेळ स्टँडवरच विचारून घ्या, नाहीतर टॅक्सीवाल्याशी जाऊन-येऊनचं भाडं आधीच ठरवा.