आईची दाढ आणि दोन फायली

दाढ काढून अडीच महिने झाले तरी आईचा खळगा भरत नव्हता. फारसं दुखत नव्हतं, म्हणून तीही गप्प राहिली. एवढंच म्हणायची, "जिभेला खडा लागतो गं." मला वाटलं, दाढेचा तुकडा राहिला असेल. एका रात्री मोबाइलचा टॉर्च लावून तिचं तोंड नीट बघितलं. खालच्या हिरडीत, जिभेच्या बाजूला, पिवळट काहीतरी उघडं पडलं होतं. तो दात नव्हता, जबड्याचं हाड होतं.

आईचा स्तनाचा कॅन्सर हाडांत पसरल्यापासून तिला दर महिन्याला सलाइनमधून झोलेड्रोनिक अ‍ॅसिड देत होते. घरात आम्ही त्याला 'हाडांचं इंजेक्शन' म्हणायचो. त्यानं तिची पाठदुखी खूप कमी झाली, त्यामुळे त्या औषधावर माझा राग नाही. पण ते काम कसं करतं हे मला तेव्हा कळलं. आपलं हाड सतत थोडं खाल्लं जातं आणि नव्यानं बांधलं जातं. हे औषध हाड खाणाऱ्या पेशींना आवरतं. जबड्यात ही उलाढाल इतर हाडांपेक्षा जलद चालते. दाढ निघाली की तोंडातल्या जंतूंना थेट हाडापर्यंत वाट मिळते; खराब झालेलं हाड निघून जात नाही, नवं बसत नाही, आणि तेवढा भाग मरतो.

असं औषध घेतलेल्या आणि जबड्याला रेडिएशन न दिलेल्या माणसाचं हाड 8 आठवड्यांहून जास्त उघडं राहिलं, तर 'औषधामुळे जबड्याचं हाड मरणं' हे निदान होतं. 2003 साली रॉबर्ट मार्क्स या सर्जननी असे 36 रुग्ण नोंदवले, तेव्हा डॉक्टरांचं लक्ष तिकडे गेलं. त्याच्याही कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकात, काडेपेटीच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेत काम करणाऱ्यांचे जबडे असेच सडायचे. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

सगळ्यात जास्त सलतं ते वेगळंच. दातांच्या दवाखान्यातला फॉर्म मीच भरला होता. 'चालू औषधं' या रकान्यात बीपीची गोळी लिहिली. महिन्यातून एकदा मिळणारं इंजेक्शन मला 'चालू औषध' वाटलंच नाही. आणि कॅन्सरच्या जाडजूड फाइलमध्ये दातांविषयी एक ओळ नव्हती.

म्हणून कळकळीनं सांगते. हे इंजेक्शन किंवा डेनोसुमॅब (हाड खाणाऱ्या पेशींना आवरणारं दुसरं औषध) सुरू व्हायच्या आधी दात दाखवा. काढायचे असतील ते काढून जखम भरू द्या. आधीच सुरू असेल तर दातांच्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड बंद केलं तरी हाडात वर्षानुवर्षं राहतं, तेव्हा 'पूर्वी घेत होते' हेही सांगाच. हाडं ठिसूळ झाली म्हणून घेणाऱ्यांना हा धोका फारच कमी असतो. घाबरून स्वतःहून औषध सोडू नका.

आईला अँटिबायोटिक्स दिली, क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या सुरू झाल्या. सातव्या महिन्यात मेलेला तुकडा सैल झाला आणि सर्जननी तो काढला. करंगळीच्या नखाएवढा, हलका, छिद्राछिद्रांचा. खालचा ओठ अजून बधिर आहे. पाणी पिताना ओघळ हनुवटीवर येतो आणि तिला कळत नाही. मी रुमाल पुढे केला की ती आधी माझ्याकडे बघते, मग पुसते.

परवाच्या तपासणीत हिरडी बरीचशी मिटलेली दिसली. आई रोज रात्री तिथे जीभ लावून बघते आणि मला सांगते, आज खडा लागला की नाही.