चिझलहर्स्ट: बागांखालचा चुना

लंडनच्या आग्नेयेला चिझलहर्स्ट स्टेशनवर उतरून थोडं चाललं की 'केव्ह्ज'चं, म्हणजे खडूत माणसांनी खणलेल्या बोगद्यांचं दार. आम्ही कंदील घेऊन गाईडमागे आत शिरलो. आत वर्षभर १० अंशांच्या आसपास तापमान, तेव्हा जाकीट हवंच. गाईड बोगद्यांचे तीन भाग सांगतो: ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहित), रोमन, सॅक्सन. ही नावं पुरातत्त्व अभ्यासक विल्यम निकोल्स यांच्या १९०३ सालच्या तर्कातली: हे भाग त्या त्या लोकांनी खणले. ऐकायला झकास, पण लक्ष भिंतींवर ठेवावं. त्यांवर कुदळीचे तिरके घाव आहेत आणि छत पेलायला मध्येमध्ये दगडाचेच जाड खांब सोडलेले. खणणाऱ्यांना हवा होता चुन्यासाठी खडू आणि बांधकामासाठी, बंदुकीत ठिणगी पाडायला चकमकीचा दगड.

हा खरा खडू, सूक्ष्म सागरी जिवांच्या कवचांचा. फळ्यावरचा बहुधा जिप्समचा असतो. भट्टीत खडू आणि कोळसा थरावर थर रचत. सुमारे ९०० अंशांना कर्बवायू निघून जातो आणि १०० किलो कोरड्या खडूतून जेमतेम ५६ किलो कळीचा चुना उरतो. खडू ओला असला तर बरीच आच पाणी उडवण्यातच जाते. ढेकूळ मोठं राहिलं की गाभा कच्चा. आच जास्त झाली तर चुना पाण्यात लवकर विझत नाही. मग भिंतीवर चढल्यावर सावकाश फुगतो आणि गिलाव्याला खड्डे पडतात. चकमक तापून फुटते, म्हणून ती आधीच वेचून काढायची.

मुंबईत चुनाभट्टी हे नाव स्टेशनाला चिकटलं, तसं इंग्लंडमध्ये गल्ल्यांना 'लाइमकिल्न लेन', 'चॉकपिट लेन'. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर मैलाला २५ इंच प्रमाणाचे जुने नकाशे फुकट दिसतात. त्यांवर 'ओल्ड चॉक पिट' (जुनी खडूची खाण) शोधा.

केंटमधल्या बागांखाली आणखी एक प्रकार आहे, 'डीनहोल': मीटरभर रुंदीची उभी विहीर, चढायला बाजूंना खाचा, तळाशी खडूत कोरलेल्या खोल्या. काम संपलं की तोंडावर लाकडं टाकून वर माती लोटत. लाकूड कुजतं, फुटका नळ किंवा शोषखड्डा माती खाली ओढतो आणि पावसानंतर हिरवळीत गोल खळगा उमटतो. त्यात नुसती माती भरू नये, ती पुन्हा खचते. आधी पाणी बंद करायचं, कुंपण घालायचं आणि भूगर्भतज्ज्ञाकडून खोली मोजून घ्यायची.