सायकलची पॅडवाली शॉर्ट, दोन बादल्या पाणी आणि आमचं लातूर

मागच्या वर्षी जुलैत औश्याहून परत येत होते, सकाळचे आठ-साडेआठ झाले असतील, बुधोड्याजवळ पावसानं गाठलं. आडोसा काही दिसेना, म्हणलं भिजलोच आहोत तर आता घरीच जाऊ. दहाएक मिनिटं पायडल मारलं असेल आणि मांडीकडं लक्ष गेलं तर काळ्या शॉर्टवर पांढरा फेस. आधी वाटलं रस्त्यावरचं काहीतरी उडालं, हातानं पुसलं, परत आला. वास घेतला तर साबणाचा. चार दिवसांपूर्वी धुतलेली, वाळवून घडी घालून कपाटात ठेवलेली शॉर्ट होती ती, आणि तिच्या बसायच्या जागी शिवलेल्या पॅडमधून साबण बाहेर येत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याच्या आधीचं वर्षभर मला प्रत्येक लांबच्या राईडनंतर जांघेत लाल चट्टे उठायचे, बारीक पुळ्या यायच्या, एकदा तर असलं केसतूड झालं की दुकानात स्टुलावर बसवेना. मी सीट बदलली, सीटची उंची बदलली, पावडर लावून बघितली. आमचं स्वतःचं मेडिकल आहे त्यामुळं मलमांची कमी नव्हती, पण कारण काही सापडेना. आणि कारण म्हणजे मी शॉर्ट धूत होते, नीट साबण लावून धूत होते, फक्त तो साबण पॅडमधून निघतच नव्हता. वाळला की आत बसायचा आणि राईडला घाम आला की तोच घामात कालवून तासन् तास कातडीला घासायचा.

म्हणून आज हे सविस्तर लिहितेय, कारण आमच्या ग्रुपमध्ये नवीन येणारा प्रत्येक जण सायकल कुठली घेऊ, हेल्मेट कुठलं घेऊ हे विचारतो, शॉर्ट धुवायची कशी हे कुणीच विचारत नाही.

आधी हे पॅड काय असतं ते बघा. पूर्वी युरोपातले सायकलवाले लोकरीच्या चड्ड्या घालायचे आणि त्यात आतून मऊ कातडं शिवलेलं असायचं. शॅमी नावाचा डोंगरी शेळीसारखा प्राणी आहे, त्याचं कातडं, म्हणून पॅडला अजूनही शॅमीच म्हणतात. ते कातडं धुतलं की वाळून कडक व्हायचं, मग त्याला मऊ करायला क्रीम चोळायचे, शॅमी क्रीम आली ती तिथून. आता कातडं गेलं, फोमचे थर आणि वरून मऊ कापड आलं. पण फोम म्हणजे शेवटी स्पंजच ना, जे द्याल ते पिऊन बसतो, घाम पितो, मेलेली कातडी, जंतू सगळं घेतो आणि साबणपण घेतो. बाकीची शॉर्ट लायक्राची. हा धागा 1958 साली अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधला, ताणला की कितीतरी पट लांबतो आणि परत जागेवर येतो. त्याला गरम पाणी, ब्लीच आणि कडक ऊन, तिन्ही सोसत नाही.

आणि आपल्याकडं मुख्य अडचण पाण्याची. लातूर म्हणलं की लोकांना अजून 2016 आठवतं, मांजरा धरण कोरडं पडलेलं, टाक्यांजवळ गर्दी नको म्हणून जमावबंदी लावलेली, आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा डबे, एकेकात पन्नास हजार लिटर. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांचा हात आजही नळाखाली आखडतोच, माझाही. नळाला रोज पाणी नाही, म्हणून ड्रम भरून ठेवायचे, कमी पडलं की बोअर. बोअरचं पाणी असलं जड की बादलीला पांढरे वळ पडतात. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळं वडीचा साबण फेसच धरत नाही, त्याचा चिकट साका होतो आणि कापडात बसतो. मग आपण काय करतो, फेस येईना म्हणून अजून साबण घासतो, आणि पाणी वाचवायचं म्हणून एकदाच खळबळतो. माझं नेमकं हेच चाललं होतं.

फेसाच्या दिवशी घरी येऊन मी ती शॉर्ट नुसत्या पाण्यात टाकली, साबणाचा थेंब नाही, आणि पॅड दाबलं. पाणी दुधासारखं झालं. सात वेळा पाणी बदललं तेव्हा कुठं स्वच्छ आलं. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात उभ्या राहून बघत होत्या, म्हणाल्या, "काय करूलालीस गं एवढा येळ?" मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "साबन कमी लाव की, म्हंजी पानी कमी लागतंय." रेणापूरकडच्या खेड्यात आडाचं पाणी शेंदून नऊवारी लुगडी धुतलेली बाई आहे ती. मी पाणी कमी वापरायच्या मागं लागले होते आणि कमी वापरायचा होता साबण.

आता माझी पद्धत अशी आहे. घरी आलं की पहिलं काम शॉर्ट काढायची. चहा नंतर, फोटो टाकणं नंतर. ओल्या गरम पॅडवर बसून गप्पा मारत राहिलं की केसांच्या मुळाशी जंतूंना आयतं रान मिळतं. आंघोळीला जातानाच शॉर्ट घेऊन जायची, उलटी करायची, पॅड वर, आणि दोन-तीन मग साधं पाणी ओतून दाबायची, घामाचं मीठ इथंच निघून जातं. मग अर्ध्या बादलीत छोटा चमचाभर लिक्विड डिटर्जंट, आधी पाण्यात हलवून घ्यायचं आणि मगच शॉर्ट टाकायची. पावडर नको, तिचे कण पॅडमध्ये अडकतात, वडी तर अजिबात नको. दहा-पंधरा मिनिटं भिजू द्यायची आणि दोन्ही तळहातात पॅड धरून दाबायचं-सोडायचं, दाबायचं-सोडायचं. ब्रश नाही, दगडावर आपटणं नाही, आणि पिळायचं तर नाहीच नाही, पिळलं की फोमला मोड पडते आणि ती मोड पुढच्या राईडला नेमकी नको तिथं टोचते.

मग खळबळणं. माझा खरा जीव इथं आहे. अर्धी बादली पाणी, पॅड पाण्याखाली धरून दाबायचं, पाणी टाकायचं, परत अर्धी बादली, असं तीन वेळा. शेवटच्या पाण्यात पॅड दाबल्यावर बोटांना बुळबुळीत लागलं नाही आणि फेसाचा एक बुडबुडा आला नाही की झालं. बोअरचं पाणी असेल तर महिन्यातून एकदा शेवटून दुसऱ्या पाण्यात दोन-तीन चमचे पांढरं व्हिनेगर टाकते, मुरलेला वास जातो आणि पॅड परत मऊ लागतं. सगळे मिळून दोन बादल्या. शेवटचं पाणी जवळजवळ स्वच्छच असतं, ते कढीपत्त्याला, आधीचं संडासात ओतायला.

अजून एक आपल्या भागातली गोष्ट. एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका बसेल इतकं तापतं, ते डायरेक्ट शॉर्टवर घेऊ नका. शॉर्टवरच्या लेबलवर बहुतेक 30 डिग्री लिहिलेलं असतं आणि आपल्या टाकीतलं पाणी त्याच्या कितीतरी वर जातं. मी पहाटे निघतानाच बादली भरून बाथरूममध्ये ठेवून जाते.

मशीनमध्ये टाकायचीच असेल तर जाळीच्या पिशवीत, मशीनच्या हलक्या (जेंटल) सायकलवर, आणि हूक-चेनवाल्या कपड्यांबरोबर नको, ग्लोव्हजच्या वेल्क्रोबरोबर तर नकोच, लायक्राचे धागे ओढून निघतात. कपडे मऊ करायचं जे लिक्विड येतं ते नको, त्याचा थर बसला की कापड घाम सोडत नाही. इस्त्री नको. मी मध्यंतरी जंतू मरावेत म्हणून पाण्यात अँटिसेप्टिक टाकत होते, ते पॅडमध्ये राहिलं आणि आग आग झाली, तेही बंद.

आता वाळत घालणं, आणि हे बायकांसाठी जरा जास्त लिहितेय. आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीला सारखी खाज यायची. धुणं व्यवस्थित होतं, पण शॉर्ट वाळायची बाथरूममध्ये परकराखाली. कुणी बघू नये म्हणून. आपल्याला लहानपणापासून तेच शिकवलंय, आतले कपडे ओढणीखाली. पण बोटभर जाडीचं पॅड ओढणीखाली दिवसभरात वाळत नाही, वरून कोरडं लागतं आणि आतून ओलं राहतं, आणि ओल अन् ऊब मिळाली की बुरशी धरलीच म्हणून समजा. मग गजकर्ण, मग कुणाला न दाखवता कुठलंतरी मलम. मेडिकलमध्ये रोज बघते, लोक स्टेरॉइड मिसळलेली मलमं मनानं घेऊन लावतात, चार दिवस बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. डॉक्टरला दाखवा, यात लाजण्यासारखं काही नाही. आणि शॉर्ट गॅलरीत उघडी वाळत घाला. सायकल चालवायचा कपडा आहे तो, शर्ट-पँटसारखाच.

वाळवताना आधी कोरड्या टॉवेलात गुंडाळून वरून दाबते, निम्मं पाणी टॉवेल पितो. मग उलटीच, कमरेकडून चिमटे लावून, सावलीत आणि वाऱ्यावर. ऊन दाखवल्याशिवाय कपडा शुद्ध होत नाही असं आत्याबाईंचं म्हणणं, आणि ते मला पटतंही, म्हणून सकाळचं कोवळं ऊन पंधरा-वीस मिनिटं पॅडला देते आणि मग सावलीत घेते. दिवसभर मराठवाड्याच्या उन्हात ठेवली तर लायक्रा विटतो, सैल पडतो. उन्हाळ्यात आपली हवाच एवढी कोरडी की सावलीत दोन-तीन तासात वाळते. पावसाळ्यात मात्र दिवस जातो, तेव्हा फॅन. म्हणून दोन शॉर्ट पाहिजेतच. एक महागडी घेण्यापेक्षा त्याच पैशात दोन मध्यम घ्या, माझं स्पष्ट मत आहे, कारण न धुता दुसऱ्या दिवशी घातलेली महाग शॉर्ट धुतलेल्या साध्या शॉर्टपेक्षा वाईट.

आतून अंडरवेअर घालायची नाही हे बहुतेकांना माहीत नसतं आणि विचारायला संकोच वाटतो म्हणून लिहून टाकते. पॅड थेट कातडीला लागायलाच बनवलेलं आहे, मध्ये अंडरवेअर आली की तिची शिलाई घासते आणि घाम तिथंच कोंडतो. आणि म्हणूनच ती प्रत्येक राईडनंतर धुवायची, वीस किलोमीटर असो की शंभर. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावून बसत असाल तर ते पॅडला चिकटतं आणि थंड पाण्यात सहज निघत नाही, पाण्यानं धुतली जाणारी क्रीम मिळते ती बरी.

टाकून कधी द्यायची? उजेडासमोर धरा, बसायच्या जागी कापड आरपार दिसायला लागलं, काळा रंग तपकिरी झाला, मांडीचं इलॅस्टिक वर सरकायला लागलं किंवा पॅड दाबल्यावर परत वर येईना, की संपली. माझी पहिली शॉर्ट, तीच फेसवाली, नंतर अजून वर्षभर चालली, पुळी एक आली नाही.

पुढच्या रविवारी माझी पहिली 200 किलोमीटरची ब्रेव्हे आहे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची राईड, ही साडेतेरा तासात पूर्ण करायची असते. त्यासाठीची शॉर्ट नवी नाही, मुद्दाम चार-पाच वेळा घालून-धुऊन बसवलेली ठेवलीय. आज सकाळचीच धुतलेली गॅलरीत आहे, आभाळ आलंय, आत्ता जाऊन पॅड दोन बोटात दाबून बघितलं तर आतून अजून गार लागतंय, आता घरात घेऊन फॅनखाली टाकते.