अब्दालीच्या फोटोखाली एक पुणेकर

काल स्टाइनडामवरच्या अफगाण दुकानात कोथिंबीर बघताना आईशी फोन चालू होता, तर गल्ल्यावरचा मुलगा मध्येच म्हणाला, "ताई, पुण्याच्या का?" मी उडालेच! हॅम्बुर्गमध्ये अफगाण लोक भरपूर, पण पुण्यात बी.कॉम. केलेला, पीएमटीने फिरलेला हेराती (अफगाणिस्तानातल्या हेरातचा) पहिल्यांदाच भेटला.

दुकानाचे मालक कंदाहारचे, त्यामुळे भिंतीवर अहमदशाह अब्दाली. आपल्यासाठी तो माणूस म्हणजे १४ जानेवारी १७६१, भाऊसाहेब, विश्वासराव. त्यांच्यासाठी १७४७ मध्ये देश उभा करणारे अहमदशाह बाबा. मला ते चित्र खटकलं, खोटं कशाला सांगू. पण आपण पानिपतावरच का अडकून बसतो हेही कळत नाही, १९१५ मध्ये राजा महेंद्र प्रतापांनी हिंदुस्थानचं हंगामी सरकार काबूलमध्येच स्थापन केलं, १९४१ मध्ये सुभाषबाबू तिथूनच पुढे गेले, सरहद्द गांधींची कबर जलालाबादला आहे, हे कोण सांगतं आपल्याला?

तो मुलगा मात्र सलमा धरणाबद्दल बोलत सुटला. हेरातमध्ये हरी नदीवर आपण बांधलेलं, २०१६ मध्ये सुरू झालेलं, ४२ मेगावॅटचं. तेही चिश्तमध्ये, ज्या गावावरून अजमेरच्या ख्वाजांच्या चिश्ती परंपरेला नाव मिळालं. "तुमच्या लोकांनी बांधलं" असं तो दोनतीनदा म्हणाला आणि मला जाम अभिमान वाटला.

मग त्याच्या बहिणीचा विषय निघाला. तीही पुण्यात शिकत होती, कोरोनात घरी गेली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान आल्यावर भारताने तेव्हा भारतात नसलेल्या सगळ्या अफगाणांचे आधीचे व्हिसा रद्द केले. शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच, आणि डिसेंबर २०२२ पासून तर तिकडे मुलींना विद्यापीठच बंद. मी म्हटलं, अरे आमचा काबूलचा दूतावास रिकामा करावा लागला होता, सुरक्षेचा प्रश्न होता, आणि नंतर ५० हजार टन गहू द्यायचं आम्हीच ठरवलं ना, पाकिस्तानातून ट्रक गेले. तो "हो ताई" म्हणाला, वाद घातला नाही, कोथिंबिरीचे पैसेही घेतले नाहीत. पण घरी येईपर्यंत माझं मलाच पटेना, जी मुलगी आपल्याकडे दोन वर्षं राहून शिकली तिची चौकशी करून तिला परीक्षेपुरतं येऊ देणं इतकं अवघड होतं का?

तिची मार्कशीट पुण्यातच अडकली आहे. परदेशातून अर्ज करून ट्रान्सक्रिप्ट कसं काढतात हे कोणाला नक्की माहीत असेल तर कमेंटमध्ये लिहा, मी त्याला कळवते.